संपृक्त की असंपृक्त? धांड्याच्या भेंडापासून करडईच्या तेलापर्यंत

करडईच्या तेलाची बाटली दोन-तीन महिने वापरात राहिली की तिचं तोंड चिकट होतं. झाकण फिरवताना अडतं, बोटाला गोंदासारखा पिवळा थर लागतो आणि साबणानं घासला तरी तो पुरता निघत नाही. शेजारची खोबरेल तेलाची बाटली वर्षभर ओशट राहते, पण अशी चिकट होत नाही. हिवाळ्यात गंमत उलटी होते. परभणीकडं पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरला की खोबरेल दगडासारखं गोठतं आणि करडई वाहतीच राहते. या दोन बाटल्यांतला फरक कार्बनच्या साखळीत हायड्रोजन भरून आहे की कुठं जागा मोकळी आहे, यावर ठरतो. भरलेल्या साखळीला संपृक्त म्हणतात आणि जागा मोकळी असलेल्या साखळीला असंपृक्त.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ, नाहीतर पुढं घोळ होतो. खाण्याचं तेल हे हायड्रोकार्बन नाही. हायड्रोकार्बन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं कुणी नाही. तेलात ऑक्सिजनही असतो. पण तेलातल्या स्निग्धाम्लाची (फॅटी ॲसिडची) लांब शेपटी ही हायड्रोकार्बनचीच असते आणि तिच्यातला दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बनमधली दुहेरी जोडणी, तसाच वागतो, म्हणून सरावाला तेल चालतं. खरे हायड्रोकार्बन हवे असतील तर तेही घरात आहेतच. सिलिंडरमधला प्रोपेन आणि ब्युटेन, गोबरगॅसमधला मिथेन, मेणबत्तीचं मेण आणि मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन. हे सगळे संपृक्त.

आधी हातानं बनवा

पाठांतर करण्याआधी एकदा प्रतिकृती बनवाच. त्यासाठी विकतचा संच लागत नाही. कडब्याचं एक जाड धांड घ्या, वरची साल सोलून बाजूला ठेवा आणि आतल्या भेंडाचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. लेकरं ज्या भेंडाच्या बैलगाड्या करतात तोच हा भेंड. हे तुकडे म्हणजे कार्बन. सालीच्या चिरून पाच-पाच सेंटिमीटरच्या काड्या करा, ते बंध. हायड्रोजनसाठी हरभरे सहा ते आठ तास भिजवा. कमी भिजले तर काडी शिरत नाही, रात्र उलटून जास्त भिजले तर दोन डाळी सुट्या होतात. दहा-बारा भेंडाचे तुकडे आणि पंचवीसेक हरभरे पुरतात.

नियम एकच. प्रत्येक भेंडात चार काड्या शिरल्या पाहिजेत, ना तीन, ना पाच. कार्बनची संयुजा चार, याचा अर्थ हातात धरून एवढाच. प्रत्येक हरभऱ्यात मात्र एकच काडी.

दोन भेंड एका काडीनं जोडा. प्रत्येकाला तीन-तीन जागा उरल्या, म्हणजे सहा हरभरे लागले. हा इथेन. आता तेच दोन भेंड दोन काड्यांनी जोडा. काड्या थोड्या वाकवाव्या लागतील, सुकी साल मोडते म्हणून तिला आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आता प्रत्येकाला दोनच जागा उरतात, चार हरभरे लागतात. हा इथीन. तीन काड्यांनी जोडले तर दोनच हरभरे बसतात, तो इथाइन. काड्या वाढल्या आणि हरभरे घटले, सगळा विषय यात आला.

इथेनची एक बाजू धरून दुसरी फिरवून बघा. सहज फिरते. इथीनची फिरवा. फिरत नाही, जोर लावला तर काडी मोडते. एकेरी बंधाभोवती फिरता येतं, दुहेरीभोवती येत नाही. त्यामुळं दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना काय लावलंय आणि कोणत्या बाजूला, याला महत्त्व येतं. सिस आणि ट्रान्स हे प्रकार इथून निघतात: साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला असले तर सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स.

बहुतेक जण चारही काड्या एकाच पातळीत खुपसतात, कारण वहीत चित्र तसं असतं. ते चूक आहे. एकेरी बंधाच्या कार्बनला तिवईसारखे तीन पाय खाली आणि एक काडी वर, कोणत्याही दोन काड्यांमध्ये साधारण १०९.५ अंश. दुहेरीत १२० अंश, सगळं सपाट. तिहेरीत १८० अंश, सरळ रेघ.

हायड्रोजन मोजा

आता चार भेंडांची सरळ साखळी एकेरी काड्यांनी करा. मधल्या प्रत्येक कार्बनला दोन हरभरे लागले, टोकांच्या दोघांना एक-एक जास्त. एकूण दहा. म्हणजे जितके कार्बन त्याच्या दुप्पट हायड्रोजन, अधिक दोन. ते वरचे दोन हायड्रोजन कुठून आले हे लेकरांना कुणी सांगत नाही आणि मग सूत्र घोकावं लागतं. ते दोन टोकांचे आहेत.

ही झाली भरलेली, म्हणजे संपृक्त साखळी, अल्केन. आता कोणतंही रेणुसूत्र समोर आलं की पहिला प्रश्न एकच विचारा, हायड्रोजन किती कमी आहेत? कार्बनची दुप्पट करा, त्यात दोन मिळवा, त्यातून असलेले हायड्रोजन वजा करा आणि उत्तराला दोननं भागा. जे येईल ती तूट. ऑक्सिजन असेल तर त्याच्याकडं बघायचंच नाही, तो या हिशेबात धरत नाहीत. क्लोरीन, ब्रोमीन असेल तर त्याला हायड्रोजनच समजून मोजा. नायट्रोजन असेल तर प्रत्येकामागं भरलेल्या संख्येत एक वाढवा.

तीन कार्बन, सहा हायड्रोजन घेऊ. भरलेली साखळी आठची, कमी दोन, तूट एक. झटकन हात वर होतो, ‘दुहेरी बंध, प्रोपीन!’ असेलही. पण तीन भेंडांचा त्रिकोण करून बघा, त्यालाही सहाच हरभरे लागतात आणि सगळे बंध एकेरी असतात. तो सायक्लोप्रोपेन. टोकंच उरली नाहीत, म्हणून टोकांचे दोन हायड्रोजन गेले. तूट एक म्हणजे एक दुहेरी बंध किंवा एक कडं. तूट दोन म्हणजे एक तिहेरी, दोन दुहेरी, एक दुहेरी आणि एक कडं किंवा दोन कडी. सायक्लोहेक्झेनमध्ये सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि हेक्झीनमध्येही तेवढेच. पहिला संपृक्त, दुसरा असंपृक्त. नुसत्या सूत्रावर उत्तर लिहिणाऱ्यांचा गुण इथंच जातो.

बेन्झीनचं गणित करा. सहा कार्बन, सहा हायड्रोजन, भरलेली संख्या चौदा, तूट चार. एक कडं आणि तीन दुहेरी बंध. मायकेल फॅरडेनं बेन्झीन १८२५ मध्ये वेगळं केलं आणि कड्याची रचना केकुलेनं १८६५ मध्ये मांडली. मधली चाळीस वर्षं एवढे कमी हायड्रोजन कसे बसवायचे हाच पेच होता. कागदावर बेन्झीन इतकं असंपृक्त असूनही ब्रोमीनच्या पाण्याचा रंग ते साध्या अल्कीनसारखं (दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनसारखं) घालवत नाही, कारण तिथले इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यावर वाटलेले असतात. त्याचा वर्ग वेगळा आणि त्याला अल्कीनच्या रांगेत बसवू नये.

हाच हिशेब तेलाला लावा. स्टिअरिक आम्लात अठरा कार्बन आणि छत्तीस हायड्रोजन. तूट एक, पण ती आम्लाच्या टोकाच्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची, शेपटी भरलेली आहे. ओलेइकमध्ये चौतीस हायड्रोजन, तूट दोन, त्यातली एक टोकाची, म्हणजे शेपटीत एक दुहेरी बंध. लिनोलेइकमध्ये बत्तीस, शेपटीत दोन. लिनोलेनिकमध्ये तीस, शेपटीत तीन. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक भरपूर असतं, करडईत लिनोलेइकचं राज्य आणि जवसात लिनोलेनिकचं. बाटलीचं तोंड का चिकटतं हे इथं उलगडतं. शेजारी-शेजारी दोन-तीन दुहेरी बंध असले की हवेतला ऑक्सिजन तिथं शिरतो आणि साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. खोबरेलाच्या शेपट्या बहुतेक भरलेल्या, तिथं ऑक्सिजनला पकडायला जागा नाही. पण सरळ असल्यामुळं त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि २४ अंशांच्या आसपास गोठतात. सिस दुहेरी बंधाची शेपटी कोपरासारखी वाकलेली असते, रचून बसत नाही.

नावं ठेवणं

हे थोडक्यात. मोठ्यात मोठी साखळी मोजा, तिच्यात दुहेरी किंवा तिहेरी बंध आलाच पाहिजे. ज्या टोकाकडून बंध जवळ, तिथून आकडे घाला. सगळे एकेरी असतील तर शेवटी ‘एन’, दुहेरी असेल तर ‘ईन’, तिहेरी असेल तर ‘आइन’. चार कार्बन आणि मधोमध दुहेरी बंध म्हणजे ब्युट-२-ईन. ब्युट-३-ईन असं काही नसतं, उलट्या टोकाकडून मोजा, ते ब्युट-१-ईन निघतं. वहीत साखळी वाकडी काढली की तिला शाखा समजायची चूक सर्रास होते. पेनाचं टोक न उचलता जास्तीत जास्त कार्बनवरून जा, तीच मुख्य साखळी.

आयोडीनची चाचणी

दुहेरी बंध आयोडीन पकडतो आणि रंग जातो, ही समावेशन अभिक्रिया. भरलेली साखळी काही पकडत नाही, रंग राहतो.

पाच परीक्षानलिका घ्या, नसतील तर इंजेक्शनच्या रिकाम्या, स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्या चालतात. एकीत खोबरेल, दुसरीत शेंगदाणा, तिसरीत करडई, चौथीत जवस, पाचवीत लिक्विड पॅराफिन, प्रत्येकी ३ मिली. प्रत्येकीत टिंक्चर आयोडीनचे मोजून ५ थेंब. बूच सैल ठेवून हलवा आणि सगळ्या एकाच वेळी गरम पाण्याच्या भांड्यात उभ्या करा. पाणी साठ अंशांच्या आसपास, म्हणजे बोट घातलं की लगेच काढावंसं वाटेल इतपत. भांडं गॅसवरून उतरवूनच हे करा, टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. दर दोन-तीन मिनिटांनी हलवत राहा. मागं पांढरा कागद धरून पंधरा मिनिटांनी रंग बघा आणि मग झाकून सकाळपर्यंत ठेवून पुन्हा बघा. आयोडीन सावकाश जोडलं जातं, घाई करून उपयोग नाही.

रंग सगळ्यात जास्त जवसात फिका पडतो, मग करडईत, मग शेंगदाण्यात. खोबरेल आणि पॅराफिन रंग धरून बसतात. प्रयोगशाळेत हीच गोष्ट आकड्यात मोजतात, १०० ग्रॅम तेलाला किती ग्रॅम आयोडीन लागलं ते. त्याला आयोडीन मूल्य म्हणतात. अन्नसुरक्षेच्या मानकांत खोबरेलासाठी ते ७.५ ते १०, शेंगदाण्यासाठी ८५ ते ९९, करडईसाठी १३५ ते १४८ आणि जवसासाठी किमान १७० धरलंय. तुमच्या नळ्यांचा क्रम या आकड्यांशी जुळला पाहिजे.

जुळला नाही तर कारण बहुधा यातलं एक असतं. मेडिकलवाल्यानं टिंक्चरऐवजी पोव्हिडोन आयोडीन दिलं. दोन्ही तपकिरी, पण पोव्हिडोनचं आयोडीन मोठ्या रेणूला धरून पाण्यात बसलेलं असतं, तेलात नीट उतरतच नाही. खोबरेल अर्धवट गोठलेलं होतं. पाणी उकळतं होतं आणि आयोडीनच उडून गेलं. हे झालंय का ते पॅराफिनची नळी सांगते. तिचाही रंग गेला असेल तर प्रयोग पुन्हा करा. शेवटचं, घाण्यावरचं करडईचं तेल मुळातच पिवळं असतं, म्हणून आयोडीन न घातलेली एक नळी शेजारी ठेवून तुलना करा. आणि या चाचणीवरून भेसळ धरायला घाणेवाल्याकडं जाऊ नका, थेंब मोजून एवढं सिद्ध होत नाही.

पोटॅशियम परमँगनेटची चाचणी

ही वेगानं होते आणि शाळेत दाखवायला चांगली. ०.१ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट १०० मिली पाण्यात विरघळवा. बोअरचं पाणी वापरू नका. त्यात लोह किंवा सेंद्रिय घाण असली तर तेच रंग खातं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. एका नळीत १ मिली लिक्विड पॅराफिन, दुसरीत १ मिली करडई, दोन्हींत १-१ मिली द्रावण घालून मिनिटभर जोरात हलवा. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळं न हलवता ठेवलं तर काहीच दिसणार नाही. पॅराफिनखालचं पाणी जांभळंच राहतं. करडईखालचा जांभळा रंग मळकट तपकिरी होतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा गाळ. रंग नुसता फिका होणं आणि तपकिरी होणं यात फरक आहे, तपकिरी आला तरच होकार समजा.

खोटा होकारही मिळतो. परमँगनेट दुहेरी बंध ओळखत नाही, जे ऑक्सिडीकरण होऊ शकतं ते सगळं ओळखतं. नळीला साबण, गूळ किंवा अल्कोहोल लागलेलं असलं तरी तपकिरी येतो. रिफाइंड तेलात घातलेले अँटिऑक्सिडंटही पहिले थेंब खातात. म्हणून पॅराफिनची नळी इथंही हवीच. कोरड्या परमँगनेटवर ग्लिसरीन कधीही टाकू नका, आपोआप पेट घेतं. नळीला आणि बोटांना लागलेला तपकिरी डाग लिंबाच्या रसानं निघतो.

ब्रोमीनच्या पाण्याची चाचणी पुस्तकात सगळ्यात ठळक असते, पण ती शिक्षकांसमोर, धूर खेचणाऱ्या कपाटातच करावी. ब्रोमीन कातडी भाजतं आणि श्वास कोंडतं. एकच सूचना, ती उन्हात करू नका. मराठवाड्यातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात खिडकीशी ठेवलेली अल्केनची नळीसुद्धा रंग घालवते. तिथं समावेशन होत नाही, प्रतियोजन होतं. हायड्रोजन निघून त्या जागी ब्रोमीन बसतं. सावलीत केलं तर हा गोंधळ होत नाही.

ज्योतीवर फार विसंबू नका

संपृक्त निळ्या ज्योतीनं जळतो, असंपृक्त पिवळ्या आणि काजळीच्या. वाक्य खरं आहे पण अर्धं. काजळी ठरते कार्बनच्या वाट्यावर आणि मिळणाऱ्या हवेवर. वजनानं मिथेनमध्ये कार्बन ७५ टक्के, इथेनमध्ये ८०, इथीनमध्ये ८५.७, इथाइनमध्ये ९२.३. कार्बन जास्त तितकी हवा कमी पडण्याची शक्यता जास्त. पण गॅसच्या शेगडीच्या बर्नरची छिद्रं खरकट्यानं बुजली की संपृक्त ब्युटेनही पिवळा जळतो आणि पातेल्याचं बूड काळं करतो. मेण संपृक्त आहे, तरी मेणबत्ती पिवळीच. देवापुढचा कापूर बघा. त्यात कार्बन-कार्बन दुहेरी बंध एकही नाही, कडी आहेत, आणि तबकावर काजळी मात्र भरपूर धरतो.

खरा देखावा वेल्डिंगच्या दुकानात दिसतो. मरून रंगाच्या सिलिंडरमधला इथाइन, दुकानात त्याला ॲसिटिलीनच म्हणतात, आधी एकटा पेटवतात. मोठी पिवळी ज्योत येते आणि तिच्या टोकावरून काजळीचे काळे धागे सुटून हवेत तरंगत खाली बसतात. मग ऑक्सिजनची चावी उघडली की धागे बंद होतात, ज्योत आखडते आणि मध्ये पांढराशुभ्र सुळका दिसतो. तापमान तीन हजार अंशांच्या वर जातं. काळा चष्मा नसेल तर त्याकडं बघू नका. हे सिलिंडर आडवं का ठेवत नाहीत तेही विचारून घ्या. आत गॅस ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो, आडवं केलं तर ॲसिटोनच बाहेर येतं. तांब्याची नळीही लावत नाहीत, ॲसिटिलीन तांब्याशी स्फोटक संयुग करतं.

कार्बाईडवर पाणी टाकून घरी ॲसिटिलीन करायचा मोह टाळा. हवेत अडीच टक्क्यांपासून जवळपास ऐंशी टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात तो भडकतो, आणि बाजारातल्या कार्बाईडमधून फॉस्फिन, आर्सिनसारखे विषारी वायूही निघतात. फळं पिकवायला कार्बाईड वापरण्यावर बंदी आहे ती याच विषामुळं. अर्धापूरची केळी किंवा केसर आंबा पिकवायच्या खोल्यांत इथीन वायू सोडतात, मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. पिकणारं फळ हाच इथीन स्वतःही सोडतं. दुहेरी आणि तिहेरी बंधाचे हे दोन सख्खे शेजारी, एक फळाची स्वतःची भाषा बोलतो आणि दुसरा तीच भाषा बाहेरून फळावर लादतो.

भरलेलं करणं

असंपृक्ताला हायड्रोजन जोडून संपृक्त करता येतं, निकेल उत्प्रेरक वापरून. पॉल साबातिए यांना १९१२ चं नोबेल यासाठीच मिळालं आणि वनस्पती तूप याच वाटेनं बनायचं. काम अर्धवट थांबवलं की उरलेले काही दुहेरी बंध सिसचे ट्रान्स होतात, शेपटी पुन्हा सरळ होते आणि तेल गोठतं. खाद्यतेल-तुपातल्या अशा ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

रसायनाशिवायचा प्रयोग

आयोडीन, परमँगनेट काहीच मिळालं नाही तर हा करा. खरं तर सगळ्यात आधी हाच करावा. काचेचे चार तुकडे साबणानं धुऊन वाळवा. प्रत्येकावर एका तेलाचा एकच थेंब टाकून बोटानं पातळ पसरवा, इतका पातळ की काच जेमतेम ओली दिसेल. खोबरेल, शेंगदाणा, करडई, जवस. धूळ बसणार नाही अशा पण हवा लागेल अशा जागी, ताटलीखाली दोन काड्यांचा टेकू देऊन ठेवा. रोज एकदा काचेच्या कडेला बोट टेकवून बघा. थर जाड झाला तर वरून साय धरते आणि खाली ओलं राहतं, हीच नेहमीची चूक.

काही दिवसांत जवसाच्या काचेवर बोट चिकटू लागतं, मग थर कोरडा होतो आणि नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो. उन्हाळ्यात हे लवकर होतं, पावसाळ्यात रेंगाळतं. करडई त्याच्या मागून येते, बराच काळ चिकटच राहते. शेंगदाणा आणि खोबरेल ओशटच.

जवसाचं तेल पुसलेला चिंधीचा बोळा तसाच कोपऱ्यात फेकू नका. हवेतला ऑक्सिजन घेताना तेल तापतं, बोळ्यातून उष्णता बाहेर पडत नाही आणि चिंधी आपोआप पेटू शकते. ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा पसरून तारेवर बाहेर वाळत घाला.